चौथ्या व्हॉल्व्हचे सव्वीस फेरे

आमच्या गावात येणारी बस पुढे कुठे जात नाही, वळते. पुढे डोंगर आहे आणि डोंगराला रस्ता नाही. त्यामुळे चुकून इथे कोणी उतरत नाही. उतरणारा एक तर इथलाच असतो, नाहीतर कोणाकडे तरी दोन दिवस राहायला आलेला. हा माणूस उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर शिलाई मशीन होतं, बायको टपावरून उतरवलेल्या गाठोड्यांची मोजदाद करत होती आणि नऊ वर्षांची पोरगी एक पांढरं खोकं छातीशी धरून उभी होती, जणू त्यात मांजराची पिल्लं आहेत.

न्हाव्याने दुकानाच्या दारातूनच विचारलं, "कोणाकडे पाहुणे?"

"कोणाकडे नाही. राहायला आलोय."

"असं होय!" न्हावी म्हणाला आणि आत वळून हळूच, "बघू किती दिवस."

झालं. त्या क्षणापासून माणसाचं नाव पडलं पाहुणा. गावाने एकदा नाव ठेवलं की आईबापांनी ठेवलेलं कोणी विचारत नाही.

पाहुणा शहराच्या पाणीखात्यात अठरा वर्षं फिटर होता. पक्की नोकरी, अंगावर निळा शर्ट, खिशावर खात्याचं नाव. ते सगळं सोडून तो आमच्या पालिकेत तीन महिन्यांच्या बोलीवर आला होता. तीन महिने काम बघायचं, जमलं तर ठेवायचं, नाहीतर बस आहेच. कारण त्या खोक्यात होतं. खोक्यात वाफेचं मशीन होतं. शहराची हवा पोरीच्या छातीला सोसत नव्हती. डॉक्टरने सांगितलं होतं, औषधं बदलून मी दमलो, आता तुम्ही गाव बदला.

आता माझं सांगतो, कारण या गोष्टीत माझी लाज आहे आणि ती मी लपवणार नाही. तेहतीस वर्षं या गावाला पाणी मी सोडलं. टाकीपासून बाजारापर्यंत अकरा व्हॉल्व्ह आहेत. कोणता किती फेरे, कोणाचं झाकण कुठून उचकटायचं, कुठला सकाळी रुसतो, सगळं माझ्या डोक्यात. कागदावर एक रेघ नव्हती. नकाशा कशाला, मी आहे ना? मी निवृत्त झालो तेव्हा माझी जागा माझ्या भाच्याला मिळणार हे मी घरात, भाच्याने गावात आणि न्हाव्याने सगळ्या मुलखात सांगून टाकलं होतं. आणि अध्यक्षांनी जागा दिली या शहरच्या माणसाला.

वर आमच्या मंडळींनी माझ्याशी एक शब्द न बोलता घरामागच्या दोन खोल्या त्यांना राहायला दिल्या. मी विचारलं तर म्हणाली, "पोर आजारी आहे. तुमचं राजकारण तुमच्या दुकानात ठेवा, न्हाव्याच्या."

म्हणजे ज्याला मी पाण्यात पाहत होतो, तो माझ्याच भिंतीपलीकडे राहायला आला. भिंत एका विटेची. पोरीला धाप लागली की ते मशीन घर्रर्र सुरू व्हायचं आणि इकडे माझं पेपर वाचणं थांबायचं.

पहिल्याच आठवड्यात मी त्याला सगळे व्हॉल्व्ह दाखवले. दाखवले म्हणजे काय, लांब दांड्याची चावी त्याच्या हातात दिली आणि अकरा झाकणं दाखवली. तो खिशातून वही काढून प्रत्येक झाकणापाशी लिहून घेत होता. दवाखान्याच्या कोपऱ्यावरच्या चौथ्या झाकणापाशी आलो.

"हा कायम अर्धा उघडा असतो," मी म्हणालो. "याला हात लावायचं काम पडत नाही."

"काही वेगळं आहे का यात, काका?"

त्याने सरळ विचारलं होतं. आणि वेगळं होतं. तो व्हॉल्व्ह फार वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या कारखान्यातून उचलून आणलेला. तो उलटा फिरतो. जगातले बाकीचे व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवले की बंद होतात, हा तसा फिरवला की उघडतो. हे गावात फक्त मला माहीत होतं. आणि मी काय म्हणालो?

"सगळं सरळ आहे."

त्याने वहीत लिहिलं, 'चार, सरळ.' ते अक्षर मी पाहिलं. फार सुवाच्य होतं.

मनात म्हटलं, सांगू नंतर. पण खोटं बोलताना लागतं त्यापेक्षा खरं सांगायला उशीर झाला की जास्त बळ लागतं. एक आठवडा गेला, महिना गेला. पाहुणा कामाला वाघ. माझ्या काळापासून ठिबकणारे तीन नळ त्याने बंद केले. टाकीच्या पायथ्याचा मोठा व्हॉल्व्ह गंजून कायमचा उघडा अडकला होता, तो बदला म्हणून त्याने पालिकेत तीन अर्ज दिले. अध्यक्ष म्हणाले, "पाहू." अध्यक्षांचा हा आवडता शब्द. त्यांच्या घराला आग लागली तरी ते आधी 'पाहू' म्हणतील.

आमची टाकी टेकडीवर आहे, वर जायला बहात्तर पायऱ्या. रविवारी पाहुणा पोरीला घेऊन पायऱ्या चढायचा. पहिल्या रविवारी ती अकराव्या पायरीवर बसली. ओठ निळसर. तो तिच्याशेजारी बसून राहिला, मग तिला पाठुंगळी घेऊन उतरला. महिन्याने ती चोविसाव्या पायरीपर्यंत गेली. अडीच महिन्यांनी एकेचाळीस. आमच्या मंडळींनी हे आकडे स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने लिहून ठेवले होते. मी येताजाता ते वाचायचो आणि वाचले नाहीत असं दाखवायचो.

एक दिवस त्याची बायको आमच्याकडे सुईत दोरा ओवत बसली होती. मंडळींना म्हणाली, "काकू, तीन महिन्यांनी नाही ठेवलं तर आम्हाला त्याच हवेत परत जावं लागेल. तिथली जागा गेली, पण माहेर आहे. या वेळी पोर तिथे..." तिने दोरा दाताने तोडला. मी बाहेरच्या खोलीत होतो. मला ऐकू आलं नाही असं मी स्वतःला सांगितलं.

मुदत संपायला चार दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. विहिरीवरची मोटार जळाली होती, रिवाइंडिंगला शहरात पाठवली होती, ती गुरुवारच्या बसने येणार होती. तो दिवस मंगळवार. म्हणजे टाकीत होतं तेवढंच पाणी अख्ख्या गावाला. टाकीच्या अंगावर एक पाटी आहे, एकपासून दहापर्यंत आकडे आणि त्यावर दोरीला बांधलेला काटा. आत पाणी उतरलं की बाहेर काटा चढतो. काटा वर, पाणी खाली. सकाळी काटा चारवर होता. पाहुण्याने हिशेब करून सांगितलं होतं, जपून वापरलं तर गुरुवार गाठू.

मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो. अर्धा गाल झालेला, अर्ध्यावर फेस. भाचा बाकावर बसून पाय हलवत होता. तेवढ्यात दवाखान्याच्या बाजूने दाणकन आवाज आला आणि मागोमाग कोणीतरी ओरडलं, "पाइप फुटला!"

न्हाव्याचं दुकान आणि दवाखान्याचा कोपरा यांत शंभर पावलं. दारातून सगळं दिसत होतं. रस्त्याच्या मधोमध माणसाच्या मांडीएवढा पाण्याचा खांब उभा राहिला होता, दगडगोटे उडवत. दवाखान्याच्या दारात सिस्टर येऊन ओरडत होत्या, "आत बाईला टेबलावर घेतलंय! ऑपरेशन आहे! पाणी बंद होऊ देऊ नका!" दवाखान्याची लाइन चौथ्या व्हॉल्व्हच्या आधीच निघते आणि पाइप फुटला होता त्याच्या पुढे. म्हणजे चौथा बंद केला की दवाखान्याचं पाणी वाचतं, टाकीही वाचते. नाही केला तर तासाभरात टाकी कोरडी. पायथ्याचा मोठा व्हॉल्व्ह तर गंजलेलाच.

पाहुणा सायकलवरून आला तो सायकल टाकूनच. चावी खांद्यावर. झाकण उचकटलं, चेंबरमध्ये गुडघाभर पाणी, त्यात वाकून चावी बसवली आणि फिरवायला लागला. घड्याळाच्या काट्याप्रमाणे. जशी अठरा वर्षं फिरवली होती तशी.

पाण्याचा खांब दुप्पट झाला.

"हा काय करतोय?" न्हावी वस्तरा हातात धरून दारात गेला.

मी टाकीकडे पाहिलं. काटा पाचच्या पुढे सरकला होता. काटा सरकताना डोळ्यांना दिसतो ही गोष्ट मी तेहतीस वर्षांत पाहिली नव्हती.

भाचा माझ्या कानाशी वाकला. त्यालाही मी सांगितलेलं नव्हतं, पण माझा चेहरा त्याने वाचला. "मामा, काही आहे का त्या व्हॉल्व्हमध्ये?"

मी डोळे काट्यावरून हलवले नाहीत.

"मग गप्पच बसा. चार दिवस तर राहिलेत. त्याचं त्याला निस्तरू दे."

मी बसलो. मूग गिळून म्हणतात तसा. किती वेळ बसलो? न्हावी म्हणतो दोन मिनिटं. मला विचाराल तर मी त्या खुर्चीत अजून बसलेला आहे.

तिकडे पाहुण्याचे तेरा फेरे झाले आणि चावी अडली. ज्याला माहीत नाही तो म्हणणार, व्हॉल्व्ह बंद झाला. आणि पाणी तर उसळतंय. अध्यक्ष धोतराचा सोगा वर धरून तिथे पोचले होते. "तोडलास! व्हॉल्व्ह तोडलास तू! शहरातली विद्या दाखवलीस!"

"साहेब, एक मिनिट, आवाज करू नका."

"मी आवाज करू नको?"

पाहुण्याने काय करावं? त्याने चावीच्या दांड्याला कान लावला. चारी बाजूंनी माणसं शिव्या देत आहेत, अंगावर पाणी उडतंय, आणि हा डोळे मिटून लोखंड ऐकतोय. लोखंडातून पाण्याचा आवाज येतो, व्हॉल्व्ह बंद होत आला की शीळ घालतो, उघडा असला की घुमतो. ही गोष्ट मला माझ्या वस्तादाने शिकवली होती. मला वाटायचं, ती जाणणारा मी शेवटचा. हा गडी ते करत होता, माझ्या खोट्यावर कान ठेवून.

तिथे मला बसवेना. फेसासकट उठलो. गळ्यातलं फडकं तसंच. भाचा म्हणाला, "मामा!" मी म्हटलं, "सरक बाजूला." या गुडघ्यांनी मी पंधरा वर्षांत धावलो नव्हतो. शंभर पावलांत तीनदा वाटलं, आता पडतो.

पोचलो तर पाहुणा उलटा फिरवायला निघाला होता. त्याचा त्यालाच संशय आला होता. पण अध्यक्षांनी त्याचं मनगट धरलं होतं. "उघडतोस काय आणखी? सोड ती चावी!" दोघंतिघं त्याला ओढत होते. त्याच्या चेहऱ्यावर खात्री नव्हती. चूक निघाली तर टाकी, नोकरी आणि पोरीची एकेचाळीस पायऱ्यांची हवा एकदमच जाणार हे त्याच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसलं.

"सोडा त्याला!" मी ओरडलो. "बरोबर फिरवतोय तो. व्हॉल्व्ह उलटा आहे!"

सगळे माझ्याकडे वळले. अर्धी दाढी, अर्धा फेस, धापा.

अध्यक्ष म्हणाले, "तुम्हाला कसं माहीत?"

"मीच बसवला होता. मला माहीत होतं. याने मला विचारलं होतं आणि मी सांगितलं नाही."

बाजारासमोर, दवाखान्यासमोर, अख्ख्या गावासमोर. पाण्याचा आवाज नसता तर बरं झालं असतं की वाईट, सांगता येत नाही. पाहुण्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तो फक्त म्हणाला, "किती फेरे, काका?"

"पूर्ण उघडलाय तू. सव्वीस. मी मोजतो."

तो फिरवायला लागला, मी मोजायला. एक, दोन, तीन. लोक म्हणतात, लवकर, लवकर. काटा सातवर. नऊ, दहा. अकराव्या फेऱ्याला पाण्याचा खांब थोडा बसला आणि सिस्टरनी दारातूनच हात जोडले. सतरा. अठरा. एकोणिसाव्याला चावी गच्च अडली. पाहुण्याच्या मानेवरच्या शिरा फुगल्या.

"जोर लावू नको!" मी म्हटलं. "तिथे तो रुसतो. दोन मागे ये, मग पुढे."

अध्यक्ष कळवळले, "मागे? आणखी मागे?"

"अध्यक्ष, तुम्ही पाहू म्हणा आणि पाहत राहा."

त्या गर्दीतही कोणीतरी हसलं. पाहुणा दोन फेरे मागे आला, पाणी पुन्हा उसळलं, काटा आठला टेकला. मग तो पुढे गेला. एकोणीस. आत काहीतरी कच्चकन सुटलं. वीस. एकवीस.

"आता सावकाश," मी म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "घाई केली तर धक्क्याने दुसरीकडे फुटेल."

"मग मला कशाला विचारतोस?"

"मी नाही विचारलं. तुम्हीच सांगताय."

शेवटचे पाच फेरे फिरवायला आम्हाला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझ्या गालावरचा फेस वाळून पापड झाला. सव्विसाव्याला पाण्याचा खांब खाली बसला, रस्त्यात बुडबुडा आला, आणि गप्प. काटा आठच्या थोडा वर थांबलेला. पाहुण्याने दांड्याला पुन्हा कान लावला. मग मला खूण केली. मीही वाकून लावला. आत शांत.

दवाखान्यातून थोड्या वेळाने पोराचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली. आई, लेक दोघी ठीक. पाणी पुरलं.

पण गोष्ट संपली नव्हती. टाकीत दोनच आकड्यांचं पाणी उरलेलं. दोन दिवस माणशी एक घागर, तीही रांगेत. लोक पाहुण्याला बोलले, मला तर विचारूच नका. मंडळींनी त्या दिवशी मला एकच वाक्य ऐकवलं, "माणूस म्हातारा झाला म्हणजे शहाणा झाला असं नाही." आणि दारामागचे खडूचे आकडे माझ्या डोळ्यांसमोर बोट ठेवून वाचून दाखवले. अकरा. चोवीस. एकेचाळीस.

शनिवारी पालिकेत फैसला होता. मी तोंड धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून गेलो. मनात वाक्यं जुळवून गेलो होतो. अध्यक्षांच्या टेबलावर पाहुण्याचा रिपोर्ट होता. त्यांनी मोठ्याने वाचला. फुटलेला पाइप किती जुना, जोड कुठे दिला, पायथ्याचा व्हॉल्व्ह बदलण्याबाबत चौथा अर्ज सोबत जोडला आहे. आणि शेवटी, 'व्हॉल्व्ह क्रमांक चार डावीकडे फिरवल्यास बंद होतो. सव्वीस फेरे. एकोणिसाव्याला अडतो, दोन मागे यावे. झाकणावर बाण रंगवणे आवश्यक.'

बस. एवढंच.

मी उठून म्हणालो, "यात माझं नाव नाही."

पाहुणा म्हणाला, "काका, रिपोर्टात व्हॉल्व्हची माहिती लिहितात."

जुळवून आणलेली सगळी वाक्यं बाजूला ठेवली. मी अध्यक्षांना सांगितलं, दोष माझा, शिक्षा द्यायची तर मला द्या, आणि या माणसाला घालवाल तर पुढच्या वेळी पाइप फुटला की माझ्या दारात येऊ नका. दारामागे लपलेला भाचा हे ऐकून जो रुसला तो वर्षभर. अजूनही मला मामा म्हणताना त्याचा आवाज एक पट्टी खाली जातो.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. खिडकीतून टाकीकडे पाहिलं. मोटार गुरुवारीच बसली होती, काटा खाली येऊन तीनवर होता. मला वाटलं, आता हे 'पाहू' म्हणणार आणि मी टेबल उलथवणार.

"मुलीचं नाव शाळेत घातलंय का?" त्यांनी विचारलं.

"तात्पुरतं," पाहुणा म्हणाला.

"कायमचं घाला."

त्यानंतर आम्ही दोघांनी सतरा दिवस गावभर फिरून नकाशा काढला. तो वहीत रेघा मारायचा, मी सांगायचो. तेहतीस वर्षं डोक्यात साठवलेलं बाहेर यायला सतरा दिवस पुरले, याचं मला थोडं वाईटच वाटलं. मला वाटलं होतं, जास्त निघेल. चौथ्या झाकणावरचा बाण मी स्वतः लाल रंगाने काढला. तो जरा वाकडा आला. पाहुणा म्हणाला, "दिशा बरोबर आहे ना, मग झालं."

पुढच्याच रविवारी काट्याची दोरी बदलायला आम्ही टाकीवर निघालो. पोरगी सोबत. तिच्या हातात खोकं नव्हतं. मी पस्तिसाव्या पायरीवर बसलो. गावाकडे पाहण्याच्या निमित्ताने. बाप माझ्याजवळ थांबला, पोरगी पुढे गेली. आम्ही दोघेही श्वास धरून मोजत होतो, ओठ न हलवता. एकेचाळीस. ती थांबली. पाहुण्याची मूठ वळली. तिने वाकून चपलेतला खडा काढला आणि पुन्हा चढायला लागली.

वरून, थेट टाकीपासून, तिची हाक आली, "आजोबा, बसलात काय? सदतीसच राहिल्यात तुमच्या!"